उज्जैनमध्ये टाळ्या मिळालेलं वाक्य

उज्जैनला जाऊन आलो असं सांगितलं की लोक पहिल्यांदा विचारतात, महाकालाचं दर्शन झालं का? कळसाचं झालं, असं मी सांगतो. रांग इतकी लांब होती की बा, म्हणजे माझा बाप, म्हणाला, "एवढी माणसं आत काही ना काही सांगायला चाललीत, देव थकला असेल. आपण बाहेरूनच हात जोडू." आम्ही बाहेरूनच हात जोडले. तेव्हा देवदर्शनाची माहिती हवी असेल तर माझ्या लिहिण्याचा काही उपयोग नाही. मी तिथं एका परिषदेला गेलो होतो आणि बा माझ्याबरोबर होता. परिषद कशी झाली हे मात्र कोणी विचारत नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. घर सातपुड्यात, शहाद्याहून घाट चढून जीप जाते तिथपर्यंत जायचं आणि पुढे चालत. आम्ही पावरा. घरात पावरी बोलतो. मराठी मी आश्रमशाळेत शिकलो आणि इंग्रजी अजून शिकतोच आहे. बा पावरीतच बोलतो, त्याचं बोलणं मी इथं मराठीत लिहितोय. त्यात त्याची मजा थोडी जाते, पण इलाज नाही.

आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणाऱ्या आमच्या मॅडमनी मला निबंध पाठवायला लावला होता. परिषदेचा विषय होता मूळनिवासींचे जमिनीचे हक्क. माझा निबंध एका जुन्या सिद्धान्तावर होता. युरोपातली राज्यं जहाजांतून नव्या किनाऱ्यांवर उतरली तेव्हा त्यांनी ठरवलं की जी जमीन कोणाचीच नाही ती आधी झेंडा रोवणाऱ्याची. तिथं माणसं राहत होती. पण त्यांच्याकडे कुंपण नव्हतं, कागद नव्हता, या लोकांना ओळखू येईल असा राजा नव्हता, म्हणून जमीन कोणाचीच नाही असं धरलं. एक अख्खा खंड असा रिकामा धरला गेला. फार उशिरा त्या देशाच्या मोठ्या न्यायालयानं ही समजूत चुकीची होती असं म्हटलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयानंही एका वाळवंटाबद्दल मत दिलं की जिथं टोळ्या आपल्या व्यवस्थेनं राहतात ती जमीन कोणाचीच नव्हती असं म्हणता येत नाही. हे सगळं मी वाचनालयात बसून लिहिलं, आणि लिहिताना सारखं आमचं शेत डोळ्यांसमोर येत होतं.

त्या शेताबद्दल आधी सांगायला हवं. आमच्यात बैल माझा म्हणतात, घर माझं म्हणतात. जमिनीला कोणी माझी म्हणत नाही. जमीन राजा पांठाची, म्हणजे आमच्या डोंगरावरच्या देवाची. आम्ही ती करतो आणि खातो. एखाद्यानं परक्या माणसासमोर "ही माझी जमीन" म्हणणं म्हणजे घरातला म्हातारा खाटेवर बसलेला असताना पाहुण्याला "घराचा मालक मी" असं सांगण्यासारखं आहे. आमच्या पाड्यानं वनहक्क कायद्याखाली दावे केले तेव्हा पाहणीला साहेब आले. इतरांना त्यांनी विचारलं, कोण कसतं? लोकांनी सांगितलं, आम्ही. आमचं शेत सगळ्यात वर आहे. तिथं पोचेपर्यंत साहेब दमले होते, आणि त्यांनी बाला विचारलं, "ही जमीन कोणाची?"

"राजा पांठाची," बा म्हणाला.

"तो कुठं राहतो? त्याला बोलवा."

लोक हसले. साहेबही हसले असतील. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तुझी नाही?"

"माझी कशी असेल?"

दावा नामंजूर झाला. अर्जदार स्वतःच जमीन आपली नसल्याचं सांगतो, असं कारण होतं. आम्ही वरच्या समितीकडे अपील केलं. उज्जैनहून परत आलो की लगेच त्याची सुनावणी होती, आणि मॅडमनी सांगून ठेवलं होतं की पहिला प्रश्न हाच येणार, त्याला सरळ उत्तर द्यावं लागेल. बा ते उत्तर द्यायला तयार नव्हता. परिषदेला दिल्लीहून एक प्राध्यापक येणार होते, जिनिव्हाला आदिवासींच्या हक्कांवर बोलून आलेले. ते बाशी बोलले तर काही वाट निघेल असं मला वाटलं, म्हणून त्याला बरोबर घेतलं. बाची अट एकच होती, बसमध्ये खिडकी त्याची.

नानाखेडा, फ्रीगंज

खेतिया, सेंधवा, इंदूर असं करत आम्ही उज्जैनच्या नानाखेडा स्टँडवर उतरलो. भाद्रपद संपत आला होता आणि पितृपक्ष चालू होता. सेंधव्याच्या घाटात बाला उलटी झाली, तीही खिडकीमुळे सोयीची झाली, एवढं सोडून प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. स्टँडवर बाचा फेटा सारखा करून दिला तर म्हणाला, "राहू दे. नवरदेव आहे का मी?"

आमची उतरायची सोय मॅडमच्या मावशींकडे होती. फ्रीगंजात टावर चौकापासून जवळ त्यांचं घर. मावशींचे यजमान बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना मी काका म्हणत होतो. दोघांनी आम्हाला इतकं प्रेमानं ठेवून घेतलं की पुढे जे लिहिणार आहे ते लिहिताना मला संकोच वाटतोय.

"या, या, आराम से बसा," मावशी म्हणाल्या. "परेशान नका होऊ, घर तुमचंच आहे. हा मुलगा किती दुबळा आहे हो! हॉस्टेलात काही खाऊन राहिला आहे की नाही?"

त्यांचं मराठी ऐकायला मला गंमत वाटत होती. माझं मराठी शाळेतलं, त्यांचं हिंदीत भिजलेलं. दोघांपैकी कोणीच पुण्यासारखं बोलत नव्हतं, त्यामुळे मला जरा धीर आला. सकाळी त्यांनी पोहे दिले, वर शेव आणि जिरावन नावाचा मसाला, आणि बरोबर जिलबी. तिखटाबरोबर जिलबी बानं कधी खाल्ली नव्हती. त्यानं आधी पोहे संपवले, मग जिलबी, मग मावशींनी विचारायच्या आत ताटली पुढे केली. रात्री बाफले होते. कणकेचे गोळे आधी उकडून मग भाजतात आणि तुपात बुडवतात. बानं एक फोडून वास घेतला आणि म्हणाला, आपल्या पानियांसारखं आहे. पानिया म्हणजे मक्याचं पीठ पळसाच्या पानात धरून शेणीवर भाजतात ते. मी हे मावशींना सांगितलं तर त्या खूश झाल्या. "मग तर आपण सगळे मालव्याचेच!" म्हणाल्या.

जेवताना काका त्यांच्या घराण्याबद्दल सांगत होते. पूर्वज शिंदे सरकारांच्या दरबारात कारकुनीला होते, त्यांच्याबरोबर इकडे आले. "आणि मतलब नुसते नाही आले, सरकारनं इनाम दिलं. शहराबाहेर दोन गावं होती आमची. मग कायदा आला, सीलिंग आलं, सगळं गेलं. माझे वडील शेवटपर्यंत म्हणत, अन्याय झाला. पण कुणाला सांगणार?"

त्यांच्या आवाजात खरंच दुःख होतं. बाला मी सगळं पावरीत सांगत होतो. त्यानं मान हलवली. जमीन गेली हे त्याला लगेच कळलं. मग त्यानं मला म्हटलं, "विचार त्यांना, यांना दिली त्याच्या आधी तिथं कोण होतं?"

मला विचारायचं नव्हतं. पण काका "काय म्हणतायत? बोल की," असं म्हणत होते, म्हणून विचारलं.

काकांना राग आला नाही. "आधी? आधी कोण असणार. जंगलच असेल. भिल्ल वगैरे इकडेतिकडे फिरत असतील. मतलब, वस्ती अशी कोणाची नव्हती."

मावशींनी बाच्या बाफल्यावर आणखी तूप वाढलं. काका अगदी साधेपणानं बोलले होते, आणि त्यांनी जे म्हटलं तेच वाक्य दुसऱ्या दिवशी सभेत वाचून दाखवायला मी माझ्या निबंधात लिहून आणलं होतं, फक्त तिथं ते साहेबी टोपी घातलेल्या माणसांच्या तोंडी होतं. बाला मी एवढंच सांगितलं, "त्यांना माहीत नाही." बा म्हणाला, "हां, जुनी गोष्ट आहे," आणि जेवू लागला.

परिषद

सभागृह थंड होतं आणि खुर्च्या इतक्या मऊ की बा आधी टोकावर बसला. आम्ही मागे बसलो होतो. एक संयोजक धावत आले. "अरे, बाबाजी को आगे बिठाइए, फोटो में आना चाहिए!" बाला पुढच्या रांगेत नेलं, शाल घातली, हातात गुच्छ दिला. गुच्छाचं काय करायचं ते त्याला कळेना, म्हणून त्यानं तो शेवटपर्यंत धरून ठेवला.

प्राध्यापक चांगलं बोलले, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी मला माहीत नसलेली एक गोष्ट सांगितली. वसाहतींना स्वातंत्र्य देण्याचं संयुक्त राष्ट्रांनी ठरवलं तेव्हा वसाहत कशाला म्हणायचं हा प्रश्न आला, आणि व्यवहारात उत्तर असं निघालं की राज्य करणारा आणि ज्यांच्यावर राज्य होतं ते, यांच्या मधे खारं पाणी पाहिजे. समुद्र ओलांडून आला तर वसाहत. चालत आला, घोड्यावर आला, घाट चढून आला, तर तो देशाचा अंतर्गत प्रश्न. मी हे वहीत लिहून घेतलं. मग मला सेंधव्याचा घाट आठवला आणि रात्रीचं जेवणही आठवलं, आणि पुढचा बराच भाग मी ऐकला नाही.

माझा निबंध दुपारी झाला. इंग्रजीचे उच्चार दोन ठिकाणी चुकले, पण कोणी हसलं नाही. शेवटी मी बाच्या दाव्याबद्दल थोडं सांगितलं. राजा पांठाचं नाव घेतलं, साहेबांचा प्रश्न सांगितला. सभागृहात कुजबुज झाली. प्राध्यापकांनी माइक मागितला आणि बाकडे वळून हिंदीत विचारलं, "बाबा, आप बताइए. ज़मीन आपके लिए क्या है?"

बानं माझ्याकडे पाहिलं. मी पावरीत प्रश्न सांगितला. तो गुच्छ धरून उभा राहिला. पाहणीच्या साहेबांसमोर उभा होता तसाच, थोडा वाकून.

"जमीन राजा पांठाची," तो म्हणाला. "माणसाची कशी असेल? आम्ही करतो, खातो, मरतो. मेल्यावर तिथंच राहतो."

मी हिंदीत सांगितलं. "ज़मीन हमारी नहीं है..." एवढं म्हटलं तोच कोणीतरी "वाह!" म्हणालं. वाक्य पूर्ण झाल्यावर टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या, त्यांना पाहून मागचे उभे राहिले, आणि हळूहळू सगळं सभागृह उभं राहिलं. एवढ्या टाळ्या मी आमच्या कॉलेजात मंत्र्यालासुद्धा मिळालेल्या पाहिल्या नव्हत्या. एकानं मोबाइलवर बाचा फोटो काढला. एक विद्यार्थिनी डोळे पुसत होती.

बा माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "काय झालं? मंजूर झाली?"

"नाही, बा."

"मग?"

"त्यांना तुझं बोलणं आवडलं."

"हां," तो म्हणाला आणि खाली बसला. टाळ्या थांबेपर्यंत तो दाराकडे बघत होता. मला वाटतं, दारातून कोणी कागद घेऊन येईल अशी त्याला अजून थोडी आशा होती.

चहाच्या वेळी मी प्राध्यापकांना गाठलं. ते घाईत होते तरी थांबले. बाला त्यांनी स्वतःच्या हातानं बशीत गुलाबजाम वाढला. मी विचारलं, "सर, ते संयुक्त राष्ट्रांचं घोषणापत्र आहे, त्यात आमच्यासारख्यांच्या जमिनीचा हक्क लिहिलाय. सुनावणीत ते दाखवलं तर?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वो घोषणा है, बेटा. हमारे देश ने उसके पक्ष में वोट दिया, और साथ में ये भी कहा कि यहाँ तो सभी मूलनिवासी हैं. जब सभी हैं, तो अलग से कोई नहीं रहा. समझ रहे हो?"

"जी."

"तुम्हारी समिति को जिनेवा से कुछ लेना-देना नहीं. वो फाइल देखेगी." मग बाकडे एकदा बघून ते आवाज खाली करून म्हणाले, "एक बात मानोगे? वहाँ इनको ये वाली बात मत बोलने देना. सीधा बोलें कि ज़मीन मेरी है."

त्यांची गाडी आली होती. बाला वाकून नमस्कार करून ते गेले. माणूस खोटा होता असं मला म्हणायचं नाही. त्यांनी मला दिलेला सल्ला खराच होता, आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या त्याही खऱ्याच होत्या असं मला वाटतं.

राम घाट

संध्याकाळी काकांनी आम्हाला राम घाटावर सोडलं. शिप्रा भरून वाहत होती आणि पाणी मातकट होतं. पितृपक्षामुळे पायऱ्यांवर सगळीकडे पिंडदान चाललेलं. भाताचे गोळे, काळे तीळ, पत्रावळी, मुंडन केलेली डोकी. कोणाकोणाचे तीन पिढ्यांचे पूर्वज एका वेळी मार्गाला लागत होते. पाण्यावर फुलं साचून कुजायला लागली होती. आमच्याकडे मेलेल्याचा दगड शेताच्या बांधावर उभा करतात आणि सणाला त्याच्यापुढे दारूचा थेंब टाकतात. त्याला कुठं पाठवायचं नसतं.

एका पंडितजींनी बाला हेरलं. "आओ बाबा, पितृपक्ष है, पिंडदान करवा लो. पितर तर जाएँगे."

बाला हिंदी थोडं येतं, ऊसतोडीला जात असे तेव्हाचं. त्यानं मनापासून विचारलं, "पितर तर के कहाँ जाएगा?"

"स्वर्ग जाएँगे, और कहाँ?"

"तो खेत कौन देखेगा?"

पंडितजी खदखदून हसले आणि शेजारच्याला म्हणाले, "सुन रे, बाबा पितरों से चौकीदारी करवाता है!" बाही हसला. दिवसभरात तो तेव्हाच हसला.

आम्ही खालच्या पायरीवर बसलो. प्राध्यापक काय म्हणाले ते मी अजून सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

बानं विचारलं, "मग त्यानं टाळ्या का वाजवल्या?"

"त्याला आवडलं म्हणून."

"आवडलं, तर बोलू नको का म्हणतो?"

"तिथं चालत नाही, बा."

"इथं चालतं, तिथं चालत नाही. एकच तर गोष्ट सांगितली मी दोन्हीकडे."

मला राग आला. मी म्हटलं, "एकदाच म्हण. एकच शब्द आहे. राजा पांठा काय समितीत बसलाय ऐकायला?"

"तुझ्या आज्यासमोर उभा राहून म्हणाला असतास, घर माझं आहे म्हणून? तो जिवंत असताना?"

"जमीन राहणार असती तर म्हणालो असतो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेबद्दल मला फार लिहिता येणार नाही. रागावलेला नव्हता. पोरगा शहरातून आल्यावर आई त्याचा ताप हातानं बघते, तसं काहीतरी त्यात होतं.

"मग जाऊ दे जमीन," मी म्हटलं. "आई कुठं राहील ते तू ठरव."

हे बोलायला नको होतं, पण खोटंही नव्हतं. आरती सुरू झाली. मोठे दिवे पाण्यावर हलत होते, घंटांचा आवाज इतका की काही बोलणं शक्य नव्हतं. बाकीचे लोक हात वर करून उभे होते. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. अंधार पडल्यावर काकांचा फोन आला, मावशींनी शिरा केलाय, लौकर या.

परत

निघताना मावशींनी वाटेसाठी पुऱ्या बांधून दिल्या आणि बाला काकांचा एक जुना स्वेटर दिला. काका स्टँडपर्यंत आले. "सुनावणीचं काय होतं ते फोन करून सांग, हां? चिंता लागून राहील," ते म्हणाले, आणि मला माहीत आहे की त्यांना खरंच चिंता होती.

नानाखेडा स्टँडवर अलीराजपूरकडचं एक कुटुंब गाठोडी टाकून बसलं होतं. एका बांधकामावरून दुसऱ्या बांधकामावर चाललेलं. त्यांची भाषा आमच्यापासून फार लांब नाही. बानं तंबाखू पुढे केली आणि त्या माणसाशी बोलायला लागला. काही वेळानं जमिनीचीच गोष्ट निघाली.

"आमच्या जमिनीचा पट्टा मिळाला," तो माणूस म्हणाला.

बा पुढे सरकला. "साहेबानं विचारलं, कोणाची म्हणून?"

"विचारलं."

"मग काय म्हणालास?"

"काय म्हणणार? माझी म्हटलं."

"आणि मग? काही झालं?"

"काय व्हायचं?" तो माणूस हसला. "मका तसाच आला. देवानं काही केलं नाही." मग त्याच्या बायकोकडे बघून म्हणाला, "भाऊ मात्र बोलत नाही. तो म्हणतो, तुझी असेल तर माझी कुठं आहे?"

"भाऊ नाही बोलत म्हणूनच तर इथं विटा उचलतोय आम्ही," बायको म्हणाली. "घरी सण करायला तोंड नाही." नवऱ्यानं तिला गप्प केलं. त्यांची बस लागली आणि ते गाठोडी उचलून पळाले.

आमच्या बसमध्ये बानं खिडकी मला दिली. इंदूर जाईपर्यंत तो मान टाकून बसला होता. मला वाटलं झोपलाय. पण घाट उतरताना त्यानं विचारलं, "ते समुद्राकडचे लोक, ज्यांचं तू लिहिलंस. त्यांना कोर्टात काय म्हणावं लागलं?"

मी सांगितलं की आम्ही आधीपासून इथं आहोत हे त्यांना दाखवावं लागलं. कोणती वाडी कोणाची, कोणाच्या बापानं काय लावलं, सगळं. काहींना दाखवता आलं. काहींना आधीच तिथून हाकललं होतं, त्यांना दाखवता आलं नाही, त्यांची गेली ती गेलीच.

"आणि विचारणारा कोण होता?"

"ज्यांनी घेतली त्यांचंच कोर्ट."

"मग तेही म्हणाले असतील, माझी."

"हो, बा. म्हणाले असतील."

त्यानं काकांचा स्वेटर डोक्यावरून घेतला आणि डोळे मिटले.

सुनावणी झाली. समितीतले मुख्य साहेब तरुण होते आणि नीट बोलत होते. त्यांनी बाला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. जुना कागद वाचून दाखवला आणि विचारलं, "आता काय म्हणणं आहे? जमीन कोणाची?"

मी दुभाषी म्हणून उभा होतो, पण माझी गरज पडली नाही. बा मराठीत बोलला. पावरीत नाही. "माझी," तो म्हणाला. साहेबांनी लिहून घेतलं. अंगठा झाला. बाहेर आल्यावर मी त्याला चहा विचारला तर नको म्हणाला. निकाल अजून आलेला नाही. येईल, आणि बाजूनं येईल असं मॅडमना वाटतं. मी काकांना फोन करून तसं सांगितलं. त्यांना आनंद झाला.

पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे नवाई होती. नवा मका घरात कोणी खाण्याआधी घरातला मोठा माणूस तो राजा पांठाला देतो आणि काही शब्द म्हणतो. आजा गेल्यापासून आमच्याकडे हे बा करतो. आईनं कणसं भाजली, पळसाचं पान धुऊन ठेवलं. धाकटी भावंडं भुकेली होऊन बसली होती. बा गोठ्यापाशी उभा होता, येईना. आईनं दोनदा हाक मारली.

"आज पोराला करू दे," तो तिथूनच म्हणाला. "तो नाही बोलला साहेबासमोर काही."

मी पान हातात घेतलं आणि उभा राहिलो. काय म्हणायचं असतं ते मला येत नव्हतं. आश्रमशाळेत असताना नवाईला मी कधी घरी नसायचो. मी बाकडे पाहिलं. त्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला होता आणि तोंड डोंगराकडे केलं नव्हतं.

"बा, शब्द सांग," मी म्हटलं.

त्यानं मान हलवून नाही म्हटलं.

धाकटी रडायला लागली. आई चुलीपासून उठून दारात आली, आमच्या दोघांकडे बघून हळूच म्हणाली, "नुसतं ठेव."

मी ठेवलं.